कोटिंग आणि स्प्रेच्या आधी पाणी कुठे अडकतंय ते बघा

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, जुन्या गाडीला खालून काळं अंडरकोटिंग मारून घ्यावं का, आणि पेटीतले पाने-पक्कड स्प्रे मारूनही का गंजतात. माझ्या मते दोन्हीचं मूळ एकच आहे. गंज चढायला लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन तिन्ही लागतात, हवा काही आपल्याला काढून टाकता येत नाही, म्हणजे आपल्या हातात राहतं ते फक्त पाणी. त्यात मीठ मिसळलं, मग ते समुद्राच्या हवेतलं असो की हाताच्या घामातलं, की गंज भराभर वाढतो. त्यामुळे कुठला डबा आणायचा हे नंतर बघू.

गाडी बऱ्याचदा आतून बाहेर गंजत येते. दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात बघा, काचेवरून उतरलेलं पाणी दाराच्या आत जातंच, ते तिथून बाहेर पडावं म्हणून. माती आणि कुजकी पानं अडकून ती बुजली की पाणी आत साचून राहतं आणि तुम्हाला पत्ता लागतो तो रंगाला फुगा आल्यावर, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि रंगाला बाहेर ढकलतो. म्हणजे तोवर आतून बरंच खाल्लेलं असतं, वरून टचअप मारून काही होत नाही. प्लास्टिकची किंवा लाकडाची काडी घालून भोकं मोकळी करा, दोन मिनिटांचं काम आहे. चाकांवरच्या कमानीच्या आतल्या काठावर चिखल बसतो तो वरून वाळलेला दिसला तरी आत ओला असतो, तिथे पाइप धरून आतून धुवा. आणि पायाखालचं कार्पेट उचलून हात लावून बघा, तिथली ओल बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

आता अंडरकोटिंग. रबरासारखं जाड कोटिंग नव्या, स्वच्छ, कोरड्या पत्र्यावर चांगलं. पण आधीच गंज धरलेल्या गाडीवर ते म्हणजे ओल्या जखमेवर चिकटपट्टी, कडेला चीर पडली की पाणी आत शिरतं आणि बाहेर पडायला वाट नाही, वरून सगळं काळंभोर छान दिसत राहतं. जुन्या गाडीला मी मेणाचं किंवा लॅनोलिनचं (मेंढीच्या लोकरीतलं स्निग्ध द्रव्य) कोटिंग सुचवेन. ते कडक होत नाही, त्यामुळे तडकत नाही, मात्र धुऊन जातं म्हणून अधूनमधून परत मारावं लागतं, तेवढी कटकट आहे. दाराखालच्या पोकळ पट्ट्यांमध्ये नळी घालून आतून मारून घ्या, आणि मारणाऱ्याला बजावून सांगा की पाण्याची भोकं बुजवू नकोस. ओल्या गाडीवर प्लास्टिकचं कव्हर ओढून ठेवत असाल तर ते आजच बंद करा.

हत्यारांचं थोडं वेगळं आहे. तिथे पाणी डोळ्यांना दिसतच नाही. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या पोलादावर गंज धरायला लागतो, आणि थंड लोखंडावर दमट उबदार हवा आली की दव पडतं ते वेगळंच. म्हणून पेटी जमिनीवर नको, फळीवर ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या किंवा व्हीसीआय कागद (गंज रोखणारी वाफ सोडणारा कागद) टाका, पण झाकण नीट बसत नसेल तर दोन्हीचा उपयोग नाही. धारेची हत्यारं चामड्याच्या म्यानात कायमची ठेवू नका, चामडं ओल धरतं.

स्प्रेबद्दल. डब्ल्यूडी-४० हा १९५३ सालचा फॉर्म्युला, मुळात अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्यावरचं पाणी हटवायला केलेला. साधा निळा-पिवळा डबा तेच काम करतो, पाणी हटवतो, पण मागे उरणारा थर इतका पातळ की महिनोन्‌महिने त्याच्या भरवशावर राहता येत नाही. तो मारा, पुसा, मग मशीन ऑइलचा हात फिरवा किंवा मेण लावा. स्वयंपाकाचं तेल नको, चिकट होऊन त्यावर धूळ बसते.

आधीच गंजलेल्या पान्यांना लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड घालून काही तास बुडवा, मधेमधे काढून बघत राहा, मग ब्रशने घासा, खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढा आणि लगेच, म्हणजे खरंच लगेच, कोरडं करून तेल लावा, नाहीतर डोळ्यांदेखत नवा तांबूस थर येतो. स्प्रिंगा आणि हाय टेन्साइल (जास्त ताण सोसणारे कडक पोलादाचे) बोल्ट अ‍ॅसिडमध्ये घालू नका, त्यात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतात आणि नंतर ताण आला की तुटतात. जस्ताचा मुलामा असलेली वस्तूही नको, गंजाच्या आधी जस्तच विरघळेल. बॅटरी चार्जर लावून इलेक्ट्रोलिसिस (पाण्यातून वीज सोडून गंज काढणं) करणार असाल तर ज्या तुकड्याला प्लसची तार जोडता तो स्टेनलेस स्टीलचा घेऊ नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं, साधं लोखंड घ्या.

पाऊस पडून गेल्यावर ब्रेक डिस्कवर नारिंगी थर दिसतो, त्याला गंज म्हणून घाबरू नका, दोन-चार वेळा ब्रेक दाबले की जातो. तिथे मात्र तेल, मेण, स्प्रे काहीही लागू देऊ नका, गाडी थांबणार नाही.