भाच्यानं काढलेलं टोकन

वाचकांचे पैशापाण्याचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

प्रश्न : मी पांढरकवडा तालुक्यातला कास्तकार. बहिणीचा पोरगा इंजिनिअर आहे, आता घरूनच काम करते. त्यानं सोलाना नावाच्या ब्लॉकचेनवर सोताचं टोकन काढलं. १ कोटी टोकनं बनवली. त्यातली १० लाख आणि पदरचे ५० हजार रुपये ‘पूल’मध्ये टाकले, बाकी ९० लाख टोकनं त्याच्याजवळ. तवा भाव ५ पैसे होता. त्याच्या चुलतभावानं ५० हजाराची घेतली आन् भाव २० पैसे झाला. मोबाइलवर मी माह्या डोळ्यानं पाह्यलं. आता म्हणते, मामा, तुरीचा चुकारा आला आहे तर २ लाख लावा, मंग पाहा भाव कुठं जाते. पोरगा लबाड नाही. लावू का? टोकनचा पत्ता मागच्या पानावर उतरवून देला आहे.

उत्तर : भाऊ, लावू नका. पोरगा लबाड नाही हे मी धरूनच चालतो. तुमचे २ लाख बुडायला इथं लबाडीची गरजही नाही, साधा गुणाकार-भागाकार पुरतो.

आधी तुमच्या मागच्या पानाबद्दल. चाळीसच्या वर अक्षरांचा तो इंग्रजी पत्ता, लहान-मोठी अक्षरं मिसळलेली, तुम्ही निळ्या शाईनं उतरवलात आणि तो पहिल्याच खेपेला जुळला. या पत्त्यांच्या लिपीतून शून्य, मोठा ओ, मोठा आय आणि लहान एल मुद्दाम वगळलेले असतात, कारण ते एकमेकांसारखे दिसून घोटाळा होतो. तरी निम्मं श्रेय तुमच्या अक्षराला. ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर ठेवलेली, सगळ्यांना दिसणारी खातेवही, आणि टोकन म्हणजे तिच्यावर नोंदलेलं नाणं. सोलस्कॅन नावाच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की टोकनची सगळी कुंडली उघडी पडते, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. तुम्ही लिहिलेले आकडे तिथल्या आकड्यांशी जुळतात. आकड्यांत भाच्यानं तुमच्यापासून काही लपवलेलं नाही.

टोकन काढणं आता फार सोपं झालं आहे. २०१५ साली इथेरियम नावाची ब्लॉकचेन सुरू झाली आणि त्याच वर्षी टोकन कसं असावं याचा एक नमुना मांडला गेला, ईआरसी-२० या नावाचा. नाव, आद्याक्षरं, एकूण नग, कुणाच्या खात्यावर किती याची नोंद आणि ती हलवण्याचे नियम, एवढाच त्याचा गाभा. सोलानावर तर कोड न लिहिता, किरकोळ खर्चात, चहा निवायच्या आत टोकन तयार होतं. म्हणजे १ कोटी टोकनं ‘बनवली’ यात कौतुक फारसं नाही. त्यानं १०० कोटी लिहिले असते तरी खर्च तोच आला असता.

प्रश्न आहे तो पूलचा. मी जिल्हा बँकेत तपासनीस होतो. शाखेत गेलो की खातेवह्या नंतर, आधी तिजोरीतली रोकड मोजायची, ही सवय. इथली तिजोरी म्हणजे पूल. एका बाजूला टोकनं, दुसऱ्या बाजूला पैसे (खरं तर सोल ही सोलानाची नाणी, पण आपण हिशोब रुपयांत करू आणि सौद्यावरचं किरकोळ कमिशन सोडून देऊ). समोर दलाल नाही, गिऱ्हाईक नाही. एकच नियम: दोन्ही बाजूंचा गुणाकार कायम राहिला पाहिजे. भाव म्हणजे पैशांना टोकनांनी भागायचं. युनिस्वॅप या टोकनांच्या अदलाबदलीच्या सेवेनं २०१८ मध्ये हीच रीत इथेरियमवर रूढ केली, आता बऱ्याच ठिकाणी थोड्याफार फरकानं तीच चालते.

सुरुवातीला १० लाख टोकनं आणि ५० हजार रुपये, भाव ५ पैसे. चुलतभावानं ५० हजार टाकले. पैसे १ लाख झाले, गुणाकार तोच ठेवायचा म्हणून टोकनं उरली ५ लाख. ५ लाख चुलतभावाला गेली. भाव २० पैसे. इथपर्यंत तुम्ही पाहिलंत.

आता तुम्ही २ लाख टाकलेत असं समजा. पूलमध्ये पैसे ३ लाख, टोकनं उरतील १,६६,६६७. तुम्हाला मिळतील ३,३३,३३३. भाव दिसेल १ रुपया ८० पैसे. तुमच्या मोबाइलवर २ लाखांचे त्याच क्षणी ६ लाख दिसतील! भाच्याच्या ९० लाख टोकनांची किंमत दिसेल १ कोटी ६२ लाख. आणि तिजोरीत रोकड किती? ३ लाख. त्यातले २ लाख तुमचेच.

समजा चुलतभावाला घराच्या स्लॅबसाठी पैसे लागले, त्यानं आपली ५ लाख टोकनं विकली. हिशोब केलात तर त्याला २ लाख २५ हजार मिळतात. त्याचा राग मानायचं कारण नाही, त्यानं आपला माल विकला. त्यानंतर तुम्ही विकायला गेलात तर तुमच्या हाती येतात २५ हजार. भाच्यानं यात बोटही लावलेलं नाही. आणि भाच्यानंच आधी आपली ९० लाख विकली तर त्याला मिळतात सुमारे २ लाख ९४ हजार, तुम्हाला त्यानंतर १९१ रुपये. हे आकडे त्याच्यासमोर बसून त्याच्याकडूनच काढून घ्या. इंजिनिअर आहे, नाकारू शकणार नाही.

सोलस्कॅनवर आणखी दोन गोष्टी दिसल्या. टोकन छापण्याचा अधिकार त्यानं अजून स्वतःकडेच ठेवला आहे, म्हणजे १ कोटीचे उद्या ५ कोटी होऊ शकतात. खाती गोठवण्याचा अधिकारही चालू आहे, म्हणजे तुमची टोकनं तुमच्या वॉलेटमध्ये, म्हणजे टोकनं सांभाळणाऱ्या अॅपमध्ये, असूनही विकता येऊ नयेत अशी सोय त्याच्या हातात आहे. दोन्ही अधिकार कायमचे सोडून देता येतात. पूलमधले पैसे परत काढून घेण्याची पावतीही जाळून टाकता येते किंवा कुलूपबंद ठेवता येते. ते केलं असेल तर फसवणुकीचा धोका कमी होतो, पण वरचा हिशोब बदलत नाही. विकण्याची वाट बंद ठेवण्याचा प्रकार २०२१ मध्ये जगानं पाहिला: एका गाजलेल्या कोरियन मालिकेच्या नावानं निघालेलं ‘स्क्विड’ टोकन काही दिवसांत २,८०० डॉलरच्या वर गेलं, लोकांना ते विकताच येत नव्हतं, आणि काढणाऱ्यांनी पूल रिकामा केला तेव्हा भाव जवळजवळ शून्यावर आला.

भाच्याला दोन निरोप द्या. शिकायचं असेल तर सोलानाचं ‘डेव्हनेट’ आहे, तिथं सरावाची नाणी फुकट मिळतात. टोकन काढ, पूल लाव, मोड, काही बिघडत नाही. दुसरा निरोप: गावात ‘महिन्याला इतके टक्के देतो’ असं चुकूनही म्हणू नको. तसं म्हटलं की ठेवी गोळा केल्याचा मामला होतो, आणि ठेवीदारांच्या संरक्षणाचा राज्याचा १९९९ चा आणि केंद्राचा २०१९ चा, असे दोन कायदे दारात येऊ शकतात. गेनबिटकॉइन या गुंतवणूक योजनेच्या प्रकरणात दरमहा १० टक्के बिटकॉइनचं आश्वासन होतं आणि पुढे लोकांच्या हाती बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचं घरचंच टोकन पडलं, असं तपास यंत्रणांचं म्हणणं आहे. नातं राखायचं असेल तर तुरीचा चुकारा बियाण्याला राहू द्या.

प्रश्न : आमची वरूडला संत्र्याची बाग आहे. घरचं उत्पन्न शेतीचं, म्हणून कुणी रिटर्न भरत नाही. मी गेल्या वर्षी एका टोकनमध्ये ४० हजार कमावले, दुसऱ्यात ४० हजार गेले. हिशोब बरोबरीत सुटला, मग कर कशाचा?

उत्तर : दादा, तुमच्या लेखी बरोबरीत, आयकर खात्याच्या लेखी नाही. १ एप्रिल २०२२ पासून अशा नफ्यावर सरळ ३० टक्के कर आहे आणि एका टोकनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. म्हणजे ४० हजारांवर १२ हजार, वर ४ टक्के उपकर, एकूण १२,४८० रुपये. वजावट फक्त खरेदी किमतीची. संत्र्याच्या उत्पन्नाला सूट आहे ती टोकनला लागू नाही, आणि किमान करमुक्त मर्यादेचा आडोसाही इथं मिळत नाही. रुपये हातात न घेता एक टोकन देऊन दुसरं घेतलंत, तरी ती विक्रीच. जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएस कापतात, कापला असेल तर त्याची नोंद तुमच्या पॅनवर आहे, तेव्हा ‘कुणाला कळतंय’ हा विचार सोडा. मला हा कायदा जाचकच वाटतो, पण तो आहे. आणि कर घेतला म्हणजे सरकारनं याला चलन मानलं, असंही समजू नका. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, बँकांना अशा व्यवहारांपासून दूर ठेवणारं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक रद्द केलं तेवढंच, रुपयाची मान्यता याला नाही.

प्रश्न : माझ्या वॉलेटमध्ये न मागता एक टोकन आलं, किंमत ७० हजार दिसते. सोबत एका साइटचं नाव आहे, तिथं वॉलेट जोडा म्हणतात. मी जोडलं, एक बटणही दाबलं, मग भीती वाटली. (दिग्रसची वाचक)

उत्तर : ताई, आधी मला नाही, स्वतःला एक विचारा: वॉलेट काढताना मिळालेले बारा किंवा चोवीस गुप्त शब्द कुठं टाइप केलेत का? केले असतील तर ते वॉलेट गेलं समजा आणि उरलंसुरलं आत्ताच्या आत्ता, नवे शब्द घेऊन काढलेल्या नव्या वॉलेटमध्ये हलवा. फक्त बटण दाबलं असेल तर बहुधा तुमची टोकनं खर्चायची मुभा त्या साइटला दिली गेली. ही मुभा रद्द करता येते, इथेरियमवर इथरस्कॅनच्या परवानगी तपासणीच्या पानावरून. त्यानंतरही शिल्लक नव्या वॉलेटमध्ये हलवलेली बरी. आलेलं टोकन पडू द्या, विकायला जाऊ नका. ७० हजार कुठल्या पूलमध्ये आहेत ते पाहा, बहुतेक पाचशेही सापडणार नाहीत. बँकेतून रुपये गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर आजच फोन करा. रुपये पुढच्या खात्यात गोठवता येतात. ब्लॉकचेनवरून गेलेलं नाणं मात्र बँकेला परत बोलावता येत नाही.