ट्रकचा सायलेन्सर काढून सरळ पाइप लावला तर घाटात गाडी जास्त ओढेल का?

नाही. टर्बो इंजिनात धुराचा बराचसा जोर टर्बोची, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या यंत्राची, चक्री फिरवण्यातच जातो. त्यापुढचा सायलेन्सर धड असेल तर तो काढून मिळणारा फरक भरल्या गाडीत कळणारही नाही. आवाज वाढतो म्हणून गाडी जोरात पळतेय असं वाटतं, एवढंच.

जांभ्या दगडाचे चिरे भरून कोकणातला कशेडी घाट चढताना गाडीला धाप लागत असेल तर आधी एअर फिल्टर उघडून बघा. आपल्याकडच्या तांबड्या धुळीने तो फार लवकर चोंदतो. मग टर्बोकडून इंटरकूलरला (इंजिनात जाणारी हवा थंड करणाऱ्या जाळीला) जाणारा रबरी होज फाटलाय का ते पाहा. डिझेल फिल्टर कधी बदलला तेही आठवा. खाऱ्या हवेत सायलेन्सरचा पत्रा गंजतो, आतला तुकडा सुटून वाट अडते. तसं असेल तर त्याच मापाचा नवा घाला, ओढ परत येईल.

गाडी बीएस ६ (प्रदूषणाच्या नव्या, कडक निकषांची) असेल तर कृपा करून सायलेन्सरला हात लावू नका. त्या डब्यात धूर गाळणारी जाळी, युरियाची यंत्रणा आणि सेन्सर असतात. ते काढले की डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा पेटतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ताकद उलट कमी करतो.

आणि सायलेन्सर कायद्यानेच सक्तीचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय ३ महिने लायसन्स बाद. रात्री हायवेलगतच्या वाड्यांमध्ये म्हातारी माणसं, तान्ही मुलं झोपलेली असतात, त्यांचाही विचार करा.