न दिसणारी सूज: मधुमेह, हृदय आणि वाचकांचे प्रश्न

शरीरात वर्षानुवर्षं मंदपणे चालू राहणारा दाह, म्हणजे क्रॉनिक इन्फ्लमेशन, आणि मधुमेह-हृदयविकार यांच्या नात्याबद्दल बरीच पत्रं आली. माझी पीएचडी याच विषयातली, त्यामुळे ती वाचताना हात आवरत नव्हता. त्यातली चार घेतो.

माझं वय ४६. हेल्थ चेकअपमध्ये 'एचएस-सीआरपी' ४.२ आलं आणि पुढे लाल अक्षरांत 'हाय रिस्क' छापलंय. बाकी रिपोर्ट ठीक आहे. घाबरावं का? — एक वाचक, नाशिक

रक्त दिलंत त्या आठवड्यात सर्दी-खोकला, दाढदुखी किंवा ताप होता का, हे आधी आठवा. सीआरपी हे दाह वाढला की यकृतात तयार होणारं प्रथिन; 'एचएस' म्हणजे त्याचं अगदी थोडं प्रमाणही टिपणारी तपासणी. साध्या सर्दीनेही ते दिवसभरात चढतं आणि आजार ओसरला की लवकर उतरतं. म्हणून पूर्ण बरं वाटत असताना, दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासा. १ च्या खाली कमी धोका, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त, अशी ढोबळ विभागणी आहे. १० च्या वर गेलं तर आधी जंतुसंसर्ग शोधायचा, हृदयाचा विचार नंतर.

दुसऱ्यांदाही ३ च्या वर आलं तर हिरड्यांतून रक्त येतं का ते बघा, तंबाखू-सिगारेटचा आणि पोटाच्या घेराचा हिशेब मांडा, सकाळी सांधे आखडतात का ते डॉक्टरांना सांगा. आकडा खाली आणणं हा मात्र उपचार नव्हे. ज्यांचं सीआरपी जनुकांमुळे जन्मापासूनच थोडं जास्त असतं, त्यांना त्यामुळे हृदयविकार जास्त होत नाही, असं मोठ्या जनुकीय अभ्यासांत दिसलं. सीआरपी दाहाची खबर देतं, रक्तवाहिनी ते खराब करत नाही. आणि 'बाकी ठीक' म्हणजे नेमकं किती? एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), रक्तदाब आणि एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर) यांचे आकडे घेऊनच डॉक्टरांकडे जा.

माझे मिस्टर सडपातळ आहेत, वजन ६१ किलो. तरी ३९ व्या वर्षी डायबेटिस निघाला. घरचे म्हणतात, लपून गोड खात असणार. — एक वाचक, बारामती

हा गोडाचा ठपका आधी काढून टाका. आपल्याकडे हे चित्र फार सर्रास दिसतं, आणि त्याचा सगळ्यात नेटका अभ्यास पुण्यातच झालाय. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वरून सडपातळ, आतून चरबी.

त्याची सुरुवात आईच्या पोटातच होते. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरलं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं स्नायूंमध्ये आणि पोटातल्या अवयवांच्या वाढीत बरीच मागे, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती.

मग दाह येतो कुठून? कातडीखाली चरबी साठवायची जागा कमी पडली की ती पोटात, यकृतात साठू लागते. पेशी फुगतात, काही मरतात, आणि ते निस्तरायला मॅक्रोफेज नावाच्या रोगप्रतिकारक पेशी तिथे जमतात. पीएचडीत मी हेच बघायचो. शस्त्रक्रियेत काढलेला चरबीचा पिवळा तुकडा बर्फात यायचा. तो कात्रीने बारीक करायचा, पेशी सुट्या करणारं कोलॅजिनेज हे विकर घालून ३७ अंशांवर हलवत ठेवायचा, मग सेंट्रिफ्यूज यंत्रात जोरात फिरवायचा. चरबीच्या पेशी वर तरंगतात आणि तळाशी छोटीशी तांबूस गोळी बसते. मॅक्रोफेज त्या गोळीत. न विरघळवलेल्या तुकड्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की मेलेल्या पेशीभोवती त्यांनी धरलेलं कडं स्पष्ट दिसतं. ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी सगळ्या लॅबला बोलावून आणलं होतं.

या पेशी टीएनएफ, इंटरल्युकिन-६ असे दाह वाढवणारे रासायनिक निरोप सोडतात. लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ वाढतं आणि ते इन्शुलिनच्या कामात अडथळा आणतं, हे हार्वर्डमध्ये गोखान होतामिशलिगिल आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवलं. माणसांत मात्र टीएनएफ रोखून साखर सुधारली नाही. एक निरोप अडवला तरी बाकीचे चालूच राहतात.

मिस्टरांचं वजन नव्हे, पोटाचा घेर मोजा. आपल्याकडे पुरुषांत ९० सेंमी, स्त्रियांत ८० सेंमी ही मर्यादा. औषधं आणि चालणं आहेच, पण स्नायूंना जोर पडेल असा व्यायामही डॉक्टरांना विचारून सुरू करा. जेवणानंतरची बरीचशी साखर स्नायूच उचलतात, आणि नेमके तेच आपल्याकडे कमी.

दाहामुळेच हे सगळं होत असेल तर दाह कमी करणारी गोळी का घेऊ नये? हळदीच्या कॅप्सूल चालतील? — एक वाचक, पणजी

हाच प्रश्न घेऊन हार्ट अटॅक येऊन गेलेल्या दहा हजारांवर रुग्णांवर चाचणी झाली. 'कॅन्टोस' तिचं नाव, निकाल २०१७ चा. कॅनाकिनुमॅब हे औषध फक्त इंटरल्युकिन-१ बीटा हा दाहाचा एकच निरोप अडवतं. कोलेस्टेरॉल तसंच राहिलं, तरी १५० मिलिग्रॅमच्या मात्रेवर हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून १५ टक्क्यांनी घटले. दाह नुसता सोबत नसतो, तो कारणांपैकी एक आहे, याचा माणसांतला हा पहिला भक्कम पुरावा. पण जीवघेणे संसर्गही वाढले. पुढे मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचं औषध वापरून पाहिलं, काहीच फायदा नाही. गाउटवरच्या कोल्चिसिन ०.५ मिलिग्रॅमचा दोन चाचण्यांत फायदा दिसला, २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यताही मिळाली. २०२४ च्या मोठ्या चाचणीत मात्र तो दिसला नाही. ते द्यायचं की नाही हे हृदयरोगतज्ज्ञच ठरवतील.

दुखण्यावरच्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या 'दाहशामक' म्हणून रोज घेऊ नका. त्यांनी हृदयाचा धोका वाढतो, मूत्रपिंडावरही ताण येतो. भाजी-आमटीतली हळद खुशाल खा. मिरीचा अर्क घातलेल्या कॅप्सूलने काहींच्या यकृताला इजा झालेली आहे, त्या नकोत.

मी एमएस्सी बायोकेमिस्ट्री करतेय. या विषयात पीएचडी करायची आहे. सुरुवात कुठून करू? — एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

जरूर कर. नेट-जेआरएफ या फेलोशिप देणाऱ्या राष्ट्रीय परीक्षेची तयारी आत्तापासून कर. फेलोशिप हातात असली की मार्गदर्शक निवडायला मोकळीक मिळते.

विषय ठरवताना एक सापळा सांभाळ. 'मधुमेहींमध्ये अमुक निरोप्या वाढलेला' असे प्रबंध ढिगाने आहेत. त्यातून आधी दाह की आधी साखर, हे कळत नाही. ते कळायचं असेल तर माणसं आजारी पडण्याआधीपासून घेतलेले नमुने हवेत, किंवा जनुकीय फरकांचा आधार, किंवा काहीतरी बदलून परिणाम बघणारा प्रयोग. त्यामुळे मार्गदर्शकांना भेटशील तेव्हा पहिल्यांदा विचार: नमुने कुठून येणार, नैतिक समितीची परवानगी झाली आहे का, आणि सर्जन नमुना द्यायला तयार आहेत का? माझे पहिले कितीतरी महिने याच तिसऱ्या गोष्टीत गेले. आणि फ्लो सायटोमेट्री (एकेक पेशी ओळखून मोजण्याचं तंत्र) शिकवणारा सीनियर लॅबमध्ये आहे का, हे प्रवेशाआधीच तिथल्या मुलांशी चहाला बसून विचारून घे.