रानवाटा : तुमचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही विलेपार्ल्याला राहतो. सुट्टीत सगळ्यांनी मिळून बोरिवलीच्या नॅशनल पार्कात एखादा छोटा ट्रेक करायचं ठरतंय, म्हणजे मी, मिस्टर, सासूबाई (वय 66, गुडघे थोडे कुरकुरतात), मुलगा 11 चा आणि मुलगी 6 ची. मिस्टरांना कुठूनतरी कळलंय की आत 'हायेस्ट पॉइंट' आहे आणि तिथून दोन तलाव दिसतात, तर त्यांना तिथेच जायचंय. सासूबाई म्हणतात बिबट्या असतो, पोरांना नेऊ नका. मला दोघांच्या मधलं काहीतरी हवंय. काय करू?
– पार्ल्याची एक सून

उत्तर : आधी मिस्टरांचं बघू. विहार आणि तुळशी दोन्ही तलाव तिथून दिसतात हे खरंय, पण ती वाट संरक्षित जंगलाच्या आतून जाते आणि परवानगीशिवाय तिकडे घुसणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, मग बरोबर सहा वर्षांची मुलगी असो नाहीतर साठ वर्षांचे काका. 'सगळे जातात गं' असं म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. जंगलातली वाट हवीच असेल तर पार्कातल्या निसर्ग माहिती केंद्रात आधी चौकशी करून गाईडबरोबर जा, पण सासूबाईंचे गुडघे आणि धाकटीचे पाय बघता पहिल्याच वेळी मी ते सुचवणार नाही.

मी सांगेन पार्कातल्याच कान्हेरी लेण्यांचा माथा. लेणी बघायला म्हणून सगळे जातात, 3 नंबरच्या चैत्यगृहात, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहात, फोटो काढतात आणि खालूनच परत फिरतात. पण कातळातच खोदलेल्या पायऱ्या वर वर जातात, शंभरावर लेणी आहेत तिथे, आणि जवळपास प्रत्येक विहाराबाहेर (म्हणजे भिक्षूंच्या राहायच्या लेणीबाहेर) पाण्याचं टाकं खोदलेलं. आपण धापा टाकत टाक्यात वाकून बघतो तेव्हा कळतं की इथे राहणारे भिक्षू पावसाचं पाणी वर्षभर पुरवून वापरत होते, आणि आपण दोन बाटल्या आणून दमलोय. अगदी वर पोचलात की चहूकडे जंगल, त्याच्या पलीकडे एका रांगेत बोरिवलीचे टॉवर. पोरं लगेच आपल्या बिल्डिंगची दिशा शोधायला लागतात, ती सापडत नाही, पण तो वेळ मस्त जातो आणि मोठ्यांना तेवढंच बसायला मिळतं.

आता वेळेचं. सोमवारी पार्क बंद, लेणीही बंद, एवढं लक्षात ठेवा, दरवर्षी कुणीतरी सोमवारी जाऊन गेटवरून परत येतं. बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला उतरून चालत पंधरा-वीस मिनिटांत मेन गेट येतं, आणि तिथून कान्हेरी 6-7 किलोमीटर आत, तेवढं पोरांना चालवू नका, पार्काची बस असते ती घ्या. सकाळी गेट उघडताच आत शिरा. कारण तो काळा पाषाण अकरानंतर तव्यासारखा तापतो आणि वर सावली जवळजवळ नाहीच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसात धबधबे सुंदर दिसतात पण पायऱ्यांवर शेवाळं असतं, सासूबाईंना घेऊन तेव्हा नको. आणि चपला नकोतच, शाळेचे पीटीचे बूटसुद्धा चालतील पण तळ झिजलेला नको.

बिबट्या. सासूबाईंचं चूक नाही, बिबटे आहेतच, पण ते मुख्यतः संध्याकाळनंतर आणि पहाटे फिरतात, दिवसा माणसांच्या गजबजीत ते दिसायची शक्यता फारच कमी. नियम सोपे आहेत : पोरं मध्ये, मोठं माणूस पुढे आणि एक मागे, कुणीही एकट्याने झुडपाआड जायचं नाही, गप्पा मारत चालायचं, आणि अंधार पडायच्या बऱ्याच आधी परत. दिसलाच तर पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही, धाकटीला उचलून घ्यायचं आणि हळूहळू मागे सरकायचं. वन विभागाची 1926 हेल्पलाइन फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

पण खरं सांगू, माझा जीव बिबट्यापेक्षा माकडांना जास्त घाबरतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या नणंदेने थालीपीठं प्लास्टिकच्या पिशवीत नेली होती, ती पिशवी नुसती खुसखुसली आणि लेणीच्या छपरावरनं एक माकड असं उतरलं की आमच्या हातात फक्त पिशवीची कानं राहिली, थालीपीठं वर बसून त्याने आमच्यासमोरच खाल्ली, वर लोणी नव्हतं म्हणून तोंड वाकडं केलं असं माझी नणंद अजून सांगते. तर डबा स्टीलचा, घट्ट झाकणाचा, बॅगेच्या आत, आणि खाणं एका जागी बसूनच. पायथ्याशी आदिवासी बायका काकडी कापून मीठ-मसाला लावून देतात, ती घ्या, परतताना यासारखं दुसरं काही नाही.

आणि एक, दिवाळीनंतर झाडीच्या कडेला एका वेलीवर सोनेरी मखमली शेंगा लटकतात, लहान मुलांना हात लावावासा वाटणारच. ती खाजकुयली! माझ्या भाच्याने लावला होता, मग त्याने तोच हात मानेला लावला आणि संध्याकाळपर्यंत घर डोक्यावर. लागली तर चोळू नका, चोळलं की ती बारीक लव आणखी आत रुतते. आधी सेलोटेप चिकटवून उचला, दोन-चार वेळा, मग साबणाने धुवा. म्हणून मी आता बॅगेत सेलोटेपचं छोटं बंडल ठेवते, बँडेडच्या शेजारी.

सासूबाई अर्ध्यावर दमल्या तर त्यांच्याबरोबर एक जण 11 नंबरच्या लेणीत थांबा. मोठं दालन आहे, गार असतं, दगडी बाक आहेत. बाकीच्यांनी वर जाऊन या. मिस्टरांना तेवढं दोन तलावांचं दुःख विसरायला लावा.

प्रश्न : ताई, 2024 ला कारवी फुलली तेव्हा आम्ही आईच्या आजारपणात होतो, चुकली. आता परत कधी?
– डोंबिवलीहून एक वाचक

उत्तर : आईला आता बरं असेल अशी आशा करते. नॅशनल पार्कातली कारवी आठ वर्षांनी एकदम फुलते, 2008, 2016, 2024, म्हणजे पुढचा मोठा बहर 2032 च्या पावसाळ्याच्या शेवटाला. एकदा फुलून बी धरली की ते झुडूप मरतं, मग तेच वाळलेले दांडके आदिवासी घरांच्या कुडाला जातात, वर मातीचा गिलावा. आत्ता तिथे रोपं वाढतायत. पण इतकं थांबायला नको, मधल्या वर्षांतही एखादं चुकार झुडूप फुलतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गेलात तर वाटेच्या कडेला बघत चला, जांभळं दिसलं की जवळ जाऊन बघा, मधमाश्या आधीच पोचलेल्या असतात, तेवढं जरा लांबून.