एमबीए अ‍ॅडमिशनचा इंटरव्ह्यू पुण्यात आहे, काय घालू? कोट लागतो का?

कोट शिवायच्या भानगडीत पडू नको, एप्रिलच्या उन्हात तर नकोच. फिका निळा नाहीतर पांढरा फुल बाह्यांचा कॉटन शर्ट, गडद पॅन्ट, काळे बूट, काळा बेल्ट, झालं काम. मुलगी असशील तर साधा कुर्ता-सलवार चालतो, ओढणीला पिन मात्र लाव.

मी नांदेडहून रात्रीच्या गाडीनं गेलो ते शर्ट अंगावरच घालून, सकाळी उतरलो तर पाठ चुरगळलेली अन् कॉलर घामानं काळी, आतमधे सगळा वेळ तेच डोक्यात. म्हणून इस्त्रीचा शर्ट पेपरात गुंडाळून ने, स्टेशनच्या वेटिंग रूममधे बदल. बूट नवे असतील तर आठ दिवस आधीपासून घरात घालून फिर, टाच लई सोलते. अन् मोजे काळेच घे, खुर्चीत बसलं की पॅन्ट वर सरकते.