सुमेरियन ही प्राचीन इराकमधली भाषा येत नसताना तिच्यातली इनान्ना देवीच्या पाताळप्रवासाची कथा इंग्रजी कवितेत आणता येईल का? यमक लावावं का?

येईल, पण उपलब्ध इंग्रजी भाषांतर समोर ठेवून त्याचीच कविता करू नका. तो दुसऱ्याच्या मजकुराचा फेरफार होतो, आणि त्यावर हक्कही दुसऱ्याचा असतो. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सुमेरियन साहित्याच्या संकेतस्थळावर या कथेच्या ४०० हून अधिक ओळींचं रोमन लिप्यंतर मोफत मिळतं, आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा सुमेरियन कोशही ऑनलाइन आहे. वहीत तीन रकाने आखा: लिप्यंतर, शब्दशः अर्थ, तुमची ओळ. मधला रकाना भरल्याशिवाय तिसऱ्याला हात लावू नका.

यमक नको. मुळात ते नाही, आणि ते जुळवताना कथेत नसलेली विशेषणं घुसतात. ही कविता उभी आहे पुनरुक्तीवर. सुरुवातच पाहा. तीन ओळी जवळजवळ सारख्या: थोरल्या आकाशातून तिनं थोरल्या भूमीकडे कान लावला. पहिल्या ओळीत कोणी ते सांगितलेलं नाही, दुसरीत 'देवी' येते, तिसरीत 'इनान्ना'. कंटाळवाणं वाटतं म्हणून पहिल्याच ओळीत नाव टाकलंत, तर ही चढण गेली. जात्यावरच्या ओव्या ऐकलेल्यांना हे वेगळं समजावावं लागत नाही.

त्याच ओळीतला 'गेश्तुग' म्हणजे कान, आणि बुद्धीही. इंग्रजीत बहुतेक जण 'माइंड' घेतात. मी 'इअर' घेईन, कारण ऐकू आलेल्या हाकेमागे जाण्याचा भाव त्यात उरतो. 'थोरली भूमी' म्हणजे 'कि गल', आणि हेच शब्द पाताळाच्या राणीच्या, एरेश्किगलच्या, नावात आहेत. दोन्हीकडे एकच इंग्रजी शब्द वापरलात, तर इनान्ना कोणाच्या घरी निघाली ते पहिल्या ओळीतच वाजतं. 'कुर' म्हणजे डोंगर, परका मुलुख आणि पाताळही. त्याला 'हेल' म्हणू नका. इथं पापाची शिक्षा नाही, मेलेले सगळेच तिथं जातात.

पाताळाच्या सात दारांचा उतारा सर्वात आधी करा. तिथं प्रत्येक दारी इनान्नाच्या अंगावरची एकेक वस्तू काढून घेतली जाते. मुकुट, लाजवर्दी मणी, अंडाकृती जोडमणी, छातीवरचं लेणं, सोन्याचं कडं, मोजणीची काठी नि दोरी, शेवटी राजवस्त्र, याच क्रमानं. प्रत्येक दारी तिचा प्रश्न आणि 'गप्प राहा, इनान्ना' हे उत्तर अक्षरशः तेच ठेवा. बदलू द्या फक्त वस्तू. ओळीला तीन-चार आघात पुरतात. मोठ्यानं वाचून पाहा: चौथ्या दारी जीभ अडखळली तर ओळ लांब झाली आहे.

हमखास होणारी चूक म्हणजे अक्कादियन या दुसऱ्या प्राचीन भाषेतल्या इश्तारकथेची सरमिसळ; इश्तार हे इनान्नाचंच तिथलं नाव. दार फोडून मेलेल्यांना वर आणण्याची धमकी तिथली आहे. सुमेरियन कथेत एन्की हा देव तिच्या सुटकेसाठी नखातल्या मळातून दोन जीव घडवतो, अक्कादियनमध्ये एआ (तोच देव) एकच. एक पाठ धरा. ज्या मातीच्या पाट्यांवर ही कथा कोरली आहे, त्या फुटल्यामुळे ओळ तुटली असेल तिथं जागा मोकळी सोडा, अंदाजानं भरू नका.