शुभंकर की बोधचिन्ह?

मेट्रो-गोल्डविन-मेयर या हॉलिवूडच्या चित्रसंस्थेचा सिंह आणि त्याच्यासमोर कॅमेरा व ध्वनिमुद्रणाची सामग्री मांडलेले तंत्रज्ञ, असे १९२८ सालचे एक प्रसिद्ध कृष्णधवल छायाचित्र आहे. त्याखालच्या मराठी ओळीत ‘मॅस्कॉट’साठी ‘बोधचिन्ह’ लिहावे की ‘शुभंकर’, असे आपण विचारले आहे. येथे ‘शुभंकर’च योग्य आहे, असे माझे मत आहे.

बोधचिन्ह म्हणजे संस्थेची ओळख पटवणारी आकृती. जाहिरातकार हॉवर्ड डिट्झ यांनी गोल्डविन पिक्चर्स या चित्रसंस्थेसाठी कल्पिलेले आणि १९२४च्या विलीनीकरणानंतर नव्या संस्थेकडे आलेले, फिल्मच्या पट्टीच्या वेटोळ्यातून डोकावणारे सिंहमुख व त्यावरील ‘आर्स ग्राशिया आर्टिस’ (कलेसाठी कला) हे लॅटिन ब्रीद, हे सगळे मिळून बोधचिन्ह होते. आपल्या ‘प्रभात’ची तुतारी फुंकणारी स्त्रीही त्याच अर्थाने बोधचिन्ह. छायाचित्रातला सिंह मात्र हाडामांसाचा आहे. मूकपटांच्या काळातला स्लॅट्स हा सिंह जाऊन १९२८मध्ये छायाचित्रातला जॅकी आला, तरी बोधचिन्हाची मूळ कल्पना तीच राहिली.

‘मॅस्कॉट’ या मूळ शब्दाचा इतिहासही ‘शुभंकर’च्या बाजूने आहे. दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्साल भाषेत ‘मास्को’ म्हणजे चेटकीण आणि ‘मास्कोतो’ म्हणजे चेटूक किंवा ताईत. त्यावरून आलेला ‘मास्कोत’ हा फ्रेंच शब्द संगीतकार एदमाँ ओद्राँ यांच्या ‘ला मास्कोत’ या १८८०च्या संगीतिकेमुळे सर्वतोमुखी झाला. जिच्या सहवासाने आश्रयदात्याची भरभराट होते, अशी मुलगी तिची नायिका आहे. म्हणजे ओळख पटवणे हा नंतर चिकटलेला अर्थ, भाग्य आणणे हा आधीचा. दिवेलागणीला ‘शुभं करोति’ म्हणत वाढलेल्या मराठी माणसाला ‘शुभंकर’ फोडून सांगावा लागत नाही, आणि हे या शब्दाचे मोठेच बळ आहे. १९८२च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या अप्पू हत्तीलाही हाच शब्द शोभतो. शिवाय १९२७मध्ये याच संस्थेच्या सिंहाला घेऊन निघालेले विमान ॲरिझोनात कोसळले, तेव्हा वैमानिक आणि सिंह दोघेही बचावले होते. भाग्याचा अर्थ या प्राण्याला अगदीच परका नाही.

एक दुरुस्ती मात्र सुचवतो. आपल्या ओळीत ‘डरकाळी’ आहे. मराठीत डरकाळी वाघाची आणि गर्जना सिंहाची, हा भेद जपावा. म्हणून ओळ अशी लिहावी : ‘चित्रसंस्थेचा शुभंकर असलेल्या जॅकी या सिंहाच्या गर्जनेचे ध्वनिमुद्रण, १९२८.’